रविवारी थंड पडणारं बालाघाट

शहरामुळे हवा कशी तापते, हे अख्ख्या बालाघाटात सगळ्यात आधी मी शोधून काढलं. हसू नका, भोपाळला फाइल आहे.

२००७च्या जानेवारीत आमच्या ऑफिसात भोपाळहून एक पांढरी लाकडी पेटी आली. चार पाय, झडपांच्या भिंती, पुढे छोटं दार, आत थर्मामीटर. रोज सकाळी अकरा वाजताचा आकडा लिहायचा आणि महिनाभरात शहर थंड ठेवायची योजना पाठवायची. साहेब म्हणाले, "नंदकिशोरजी, योजना चांगली झाली तर तुमची खैरलांजीची बदली रद्द." मी म्हटलं, "झालीच समजा!" बदली टळायलाच हवी होती. बायकोची, उमाची, शाळेतली नोकरी इथे आणि मुलीची, अपूर्वाची, दहावी इथे.

पेटी गच्चीवर ठेवली. माझे गुडघे कुरकुरतात, म्हणून आकडा आणायचं काम शिपाई महागूकडे दिलं. देवभोळा, कधी खोटं न बोलणारा माणूस. पहिल्याच दिवशी त्याने चिठ्ठी आणली, एकेचाळीस.

"महागू, नीट पाह्यलं का?"

"हौ बाबूजी. चश्मा लावून."

माझ्या अंगात स्वेटर होता, हातात गरम चहा. पण सरकारी आकड्यापुढे स्वतःच्या अंगाचं काय ऐकायचं? लिहून टाकला. सोमवार ते शनिवार एकेचाळीस. रविवारी महागू लामत्याला घरी जाई, तेव्हा चौकीदार प्रेमलाल आकडा लिही. चोवीस.

दोन दिवस डोकं खाजवल्यावर उजेड पडला. रविवारी कचेऱ्या बंद, राइस मिल बंद, स्कूटरी घरात. म्हणजे धूर थांबला की गाव सतरा अंशांनी उतरतं! तेव्हा आठवड्याला आणखी एक रविवार हवा. योजना लिहिली, दर बुधवारी शहरात मोटारगाड्या बंद.

भोपाळ खूश. बुधवारचा हुकूम निघाला आणि पाठोपाठ तिथले एक मोठे साहेब हा चमत्कार बघायला आले. गुडघे विसरून मीही प्रेमलालला घेऊन गच्चीवर चढलो. महागूने पेटीचं दार उघडलं. थर्मामीटरला हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि खाली तेवणारं निरांजन. पाहुणे आले म्हणून आज दोन वाती जास्त. पारा पन्नासावर.

"ये क्या है?"

"पूजाघर आ गया है साहब, मूर्ती पीछे से आएगी. तब तक खाली कैसे रखते? रोज पहले पूजा, फिर आंकड़ा."

"बुझाओ इसे."

महागूने कानाला हात लावले. "फूंक मारके नहीं बुझाते साहब. अपने आप शांत होगा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी प्रेमलालकडे, प्रेमलालने आकाशाकडे. शेवटी साहेबांनीच बूट काढले. तेल संपेपर्यंत पाऊण तास आम्ही चौघे अनवाणी उभे होतो. तेवढ्यात बालाघाटचं हवामान सव्वीस अंशांनी सुधारलं.

माझी बदली कायम राहिली. बुधवारचा हुकूम रद्द करायची फाइलही आली, पण ती माझ्याच टेबलावर आली, आणि टेबल मी मंगळवारी सोडलं होतं.

बुधवारी ना रिक्षा, ना स्कूटर. बसही गावाबाहेरून सुटणार. अपूर्वा पायीच पेपरला गेली. मी ट्रंक डोक्यावर घेऊन निघालो, उमा वळकटी घेऊन मला पोचवायला मागे. अर्ध्या रस्त्यात ती थांबली.

"काहून थांबली?"

मोकळ्या रस्त्याकडे बघत ती म्हणाली, "अहो, आज खरंच गरम कमी वाटून राह्यलं."

मलाही वाटत होतं. पण हाताशी आकडा नव्हता, म्हणून मी ट्रंक सावरून चालू लागलो.