उशिरा वाजणारी टाळी

अन्याय झाला दिगंबर सबनीस यांच्यावर. गेल्या जुलैत, खेळाडूंच्या नोंदणीची मुदत संपायच्या बुधवारी, संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी. अन्याय करणाऱ्याचं नाव शेवटी टाकायचं असतं, म्हणजे लोक पत्रक शेवटपर्यंत वाचतात. एवढी अक्कल मला चार वर्षं पत्रकं लिहून आली आहे. पण आज नाव आधीच सांगते. मी. प्राची. परभणीहून स्पर्धा परीक्षेला दिल्लीत आले, परीक्षा सुटली, भाडेकरूंच्या हक्कांची पत्रकं काढायला लागले आणि दुसऱ्यांचे गुन्हे छापता छापता एक स्वतःचा केला.

तर सबनीसकाका. आर. के. पुरममध्ये सरकारी क्वार्टर्सच्या मागे एक मैदान आहे, त्याच्या कडेला पिंपळ आहे आणि त्या पिंपळाच्या नावाचा पीपलवाला स्पोर्टिंग हा आमचा क्लब. मुलींची फुटबॉल टीम. मैदानात गोल झाला की आम्ही पंधरा-वीस समर्थक ओरडतो, शिट्ट्या मारतो, एकमेकांच्या पाठी बडवतो. सबनीसकाका मान खाली घालतात. मांडीवरची पारदर्शक प्लास्टिकची फाइल उघडतात. त्या दिवशीची यादी काढतात. जिने गोल मारला तिच्या नावावर बोट ठेवतात, नंबर बघतात, फोटो बघतात, चष्मा कपाळावर चढवून मैदानातला चेहरा बघतात. आणि मग टाळी वाजवतात. तोवर अर्धं मिनिट गेलेलं असतं, खेळ पुन्हा सुरू झालेला असतो आणि बऱ्याचदा चेंडू नेमका आमच्याच गोलसमोर असतो. पाहुण्या टीमच्या लोकांना हे गृहस्थ आपलेच वाटतात. एकदा त्यांनी काकांना समोसा आणून दिला होता.

काका निवृत्त सेक्शन ऑफिसर. बायको गेल्यापासून मुलीकडे, मीनलताईकडे राहतात. क्वार्टर तिच्या नोकरीचं. क्लबात त्यांचं पद मानद नोंदणी सचिव. हे पद त्यांना मिळालं कारण नियमांचं पुस्तक वाचलेला संपूर्ण क्लबात दुसरा माणूस नाही.

हा माणूस भित्रा आहे. मी हे प्रेमाने नाही, माहिती म्हणून सांगते. ते कागदाला टाचणी लावत नाहीत. टाचणीने भोक पडतं, भोक एखाद्या आकड्यावर पडलं तर? छत्री बारा महिने उघडतात, ती पावसासाठी नाही. पिंपळावर कबुतरं बसतात आणि खाली यादी असते. झेरॉक्सची झेरॉक्स काढतात. मोबाइलवर ओटीपी आला की उभे राहतात. खरंच उभे राहतात, शाळेत साहेब आल्यासारखे.

आणि त्यांचं पालुपद: "घाई नको. उशीरही नको." दोन्ही एका दमात. मग करायचं काय, हे ते सांगत नाहीत.

उन्हाळ्यात पिंपळाखाली सगळ्यांना एकच विषय असतो: कोण येणार, कोण जाणार. अमेय म्हणून एक जण नोएडाच्या आयटी कंपनीतून मेट्रोने खास यासाठी येतो. मूळ पुण्याचा. परदेशी क्लबांच्या बातम्या तोंडपाठ, त्यामुळे आमच्या क्लबविषयीही तो त्याच थाटात बोलतो.

"काका, फरिदाबादची ती उंच डिफेंडर आपल्याकडे येतेय. डन डील."

"येतेय म्हणजे? जुन्या क्लबने सोडलं?"

"सोडणारच ना यार काका!"

"तोंडाने की कंप्यूटरवर?"

"अहो, बातमी आहे!"

"बातमीला कलम कोणतं?"

अमेय कपाळाला हात लावायचा. आम्ही हसायचो. काका हसायचे नाहीत. "तू हसतोस," ते म्हणायचे, "पण मला रात्रंदिवस भीती वाटते. पोरगी येते, खेळते, गोल मारते. मग कळतं, कागद अपुरा. बंदी कोणावर येते? तिच्यावर. आपण चहा पिऊन घरी जातो."

हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकायला हवं होतं. मी चहा पीत होते.

आमची स्ट्रायकर शबनम. पानिपतची, बावीस वर्षांची, नोएडात एका कपड्यांच्या फॅक्टरीत पॅकिंगला. प्रत्येक मॅचआधी ती बुटांच्या नाड्या बांधत काकांसमोर उभी राहायची.

"अंकलजी, मेरा नाम है ना?"

काका यादीवर बोट ठेवायचे. "है. सातवाँ."

"पक्का?"

"शिक्के के साथ."

मगच ती मैदानात उतरायची. मला वाटायचं, म्हाताऱ्याची गंमत करते.

जुलैत तिला दुसऱ्या राज्यातल्या एका मोठ्या क्लबाने मागितलं. वसतिगृह, कोच, रोज दोनदा सराव, सगळं. नियम सोपा होता: जुन्या क्लबाने मुदतीच्या आत कंप्यूटरवर 'सोडले' असं नोंदवायचं. ते नोंदवलं नाही तर पोरगी हिवाळ्यापर्यंत इथेच, आणि हिवाळ्यापर्यंत मोठे क्लब कोणाची वाट बघत नाहीत. पासवर्ड सबनीसकाकांकडे. मुदत बुधवारी संध्याकाळी सहापर्यंत.

सोमवारी मी विचारलं, "काका, झालं का शबनमचं?"

"बघतोय."

मंगळवारी विचारलं. "बघतोय, अगं. घाई नको."

"उशीरही नको ना?" मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या खिशात हात घातला होता. फाइल छातीशी धरून निघून गेले.

मला भीती वाटायला लागली ती तिथे. पुढच्या महिन्यात आमची फायनल होती. शबनम गेली तर फायनल गेली, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे क्लब तिला दाबून ठेवतोय. नियमांच्या नावाखाली. मी असले घरमालक पाहिलेत: गोड बोलतात, कागद बघतो म्हणतात आणि मुदत टळू देतात.

बुधवारी दुपारी दोनला काकांचा फोन बंद. अडीचला बंद. तीनला मी क्वार्टरवर गेले, दाराला कुलूप. मीनलताई ऑफिसात. क्लबचे प्रेसिडेंट चौधरीजी मैदानावर खुर्ची टाकून बसले होते.

"सबनीसजी कहाँ हैं?"

"बेटी, मन्ने के बेरा, मुझे क्या पता. फाइल उनके पास, पासवर्ड उनके पास. मैं तो बस कुर्सी पे बैठूँ हूँ."

शबनमला फोन लावला. लागला नाही, फॅक्टरीच्या गेटवर मोबाइल जमा करून घेतात, सात वाजता परत देतात. साडेतीन. माझ्या डोळ्यांसमोर ती पोरगी पॅकिंगच्या टेबलाशी उभी होती, आणि बाहेर तिचं दार बंद होत होतं, आणि तिला कळतही नव्हतं. अशा वेळी माणसाला जे येतं तेच तो करतो. मला पत्रक येतं.

पाच वाजता दोनशे प्रती हातात होत्या. गुलाबी कागद, ठळक अक्षरं, अर्धं हिंदी, अर्धं मराठी. 'शबनमचा रस्ता कोणी अडवला? सेक्रेटरी सबनीस जवाब दो!' पाच चाळीसला मी वाटायला सुरुवात केली. मैदानावर, गेटवर, मदर डेअरीच्या दुधाच्या रांगेत, भाजीवाल्याच्या गाडीवर. अमेयने शंभर घेतली. एक प्रत मी खळ लावून क्लबच्या कपाटाच्या दारावर चिकटवली. दारावर काकांची नेहमीची दहा-बारा बारीक अक्षरातली टिपणं होती, ती कोणी कधी वाचत नाही. मी त्यांच्यावरच चिकटवलं.

सहा वाजले. अमेयने मोबाइलमध्ये बघितलं आणि हळूच म्हणाला, "गेलं." पुढचा तास आम्ही कोणी कोणाकडे बघितलं नाही.

सात वाजून पाच मिनिटांनी शबनमचा फोन. रडत होती. मी म्हटलं, "शबनम, हम छोड़ेंगे नहीं, हम लड़ेंगे—"

"दीदी, हो गया!" ती ओरडली. "छह बजने में आठ मिनट थे, तब हो गया! अंकलजी पानिपत में हैं!"

तिच्या ओळखपत्रावर जन्मतारीख एक जानेवारी होती. लिहून घेणाऱ्याला तारीख सांगता आली नाही की बऱ्याच जणांची एक जानेवारी होते. शाळेच्या दाखल्यावर तारीख वेगळी. काकांनी तशीच नोंद केली असती तर पुढे कोणीतरी हे उकरून काढलं असतं आणि बंदी आली असती शबनमवर. दोन्ही तारखा एकाच मुलीच्या, असं पत्र तिच्या शाळेकडूनच हवं होतं. सोमवार-मंगळवार ते शाळेला फोन करत राहिले. बुधवारी सकाळी, मेट्रो जिथे संपते त्याच्या पुढे एकट्याने कधीही न गेलेला हा माणूस हायवेच्या बसमध्ये बसला. दिवसभर शाळेच्या बाकावर बसून राहिला. साडेपाचला पत्र मिळालं. शेजारच्या सायबर कॅफेत जाऊन नोंद केली. फोन बंद का होता? ओटीपीसाठी बॅटरी राखून ठेवली होती.

मी मैदानाकडे धावले. कपाटावरचं माझं पत्रक ओलं होतं, खेचलं तर खालचं टिपणही सोबत आलं. काकांचं अक्षर, नेहमीसारखं: 'विषय: पानिपत येथे प्रत्यक्ष जाणे. शबनम हिच्या नोंदणीसंदर्भात आज बाहेर आहे. काळजी नसावी.'

काळजी नसावी. मी त्याच्यावर खळ फासली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या दारात उभी राहिले. दार त्यांनीच उघडलं. हातात गुलाबी कागद, खिशाला लाल पेन. गेटवरच्या गार्डने आदल्या रात्री त्यांना कागद देऊन विचारलं होतं, "साहब, ये आप ही हैं?"

"ये. बस," ते म्हणाले. "यात दोन चुका आहेत. मुदत तू पाचची छापलीस, ती सहाची होती. आणि मी सेक्रेटरी नाही, नोंदणी सचिव आहे. बाकीचं तुझं मत. मतात मी दुरुस्ती करत नाही."

"काका, माफ करा."

त्यांनी कागद फाइलमध्ये ठेवला. "छापलेली गोष्ट आहे, ठेवायला हवी." मग म्हणाले, "तू शबनमला विचारलं होतंस का, गं?"

तिच्या न्यायासाठी दोनशे कागद काढले, तिला एकदाही विचारलं नव्हतं. फोन तर मी बुधवारी केला, आणि सोमवारपासून मी कोणाशी बोलत होते? काकांशी.

"मी विचारलं. जायचंय का म्हणून. लेखी घेतलं." त्यांनी तीन चिठ्ठ्या माझ्यापुढे ठेवल्या. शबनमचं अक्षर. पहिली: 'मुझे अपनी मर्ज़ी से जाना है.' दुसरी, चार दिवसांनंतरची: 'हाँ अंकलजी, जाना है.' तिसरी मंगळवारची: 'जाना है. अब मत पूछिए, नहीं तो मैं रो दूँगी.'

"नियमात एकच लागते," ते म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. बराच वेळ पुसला.

त्या टाळीचं कारण मला शबनमने सांगितलं, सामान बांधताना. तीन वर्षांपूर्वी तिची पहिली मॅच, पहिला गोल. तो रद्द झाला, कारण तिचं नाव यादीत नव्हतं. काकांनी तिचा फॉर्म आणखी एकदा तपासायला म्हणून एक दिवस घरी ठेवला होता. "मैंने कहा, कोई बात नहीं अंकलजी," ती म्हणाली. "पर वो घर तक नहीं गए, दीदी. यहीं बेंच पे बैठे रहे." तोपर्यंत ते नुसतं 'घाई नको' म्हणायचे. 'उशीरही नको' त्या दिवसानंतरचं.

शबनम गेली. फायनल आम्ही हरलो. सबनीसकाका त्यानंतर मैदानावर आलेले नाहीत. यादी मीनलताईच्या हाती पाठवतात, बिनटाचणीची, सोबत एक झेरॉक्स. यादीत सातव्या नंबरवर आता दुसरी मुलगी आहे, तिला कोणी काही सांगितलेलं नाही, ती मॅचआधी कोणाला काही विचारत नाही. भाजीवाला अजून माझ्या कागदात मिरच्या बांधून देतो. गोल होतो, आम्ही ओरडतो आणि मग ते अर्धं मिनिट येतं. मी कान देऊन उभी असते. काही वाजत नाही. पोलिसांना, घरमालकांच्या गुंडांना मी भ्यायले नाही. त्या अर्ध्या मिनिटाला भिते.

म्हणून हे पत्रक. पांढऱ्या कागदावर, आणि छापण्याआधी त्यांना विचारून. त्यांनी तीन दुरुस्त्या केल्या, मत जसंच्या तसं ठेवलं. रविवारी चार वाजता मॅच आहे. येणार का विचारलं तर म्हणाले, "बघतो."

तुमच्या घरात तो गुलाबी कागद असेल, डब्याखाली, वहीच्या कव्हराला, कुठेही, तर तो घेऊन या आणि माझ्या हातात द्या. आणि रविवारी ते आले, आणि गोल झाला, तर हात खाली ठेवा. ओरडू नका. त्यांना फाइल उघडू द्या, नाव शोधू द्या, चष्मा वर करू द्या. चेंडू कुठेही जाऊ दे. थांबा. त्यांची टाळी वाजली की मगच तुमची वाजवा.