कावळ्याला दिलेला शब्द

आमच्या जऊळक्यात पाहुणा आला, की पाण्याच्या तांब्याआधी त्याला आमच्या शेजारच्या दौलतभाऊंचा प्रश्न मिळायचा. "काहो, तुमच्या गावातलं कोनी हरपलं काय?"

माणूस दचकायचाच. गाडीतून उतरलेले लोक गाठोडी पोटाशी धरत. एका लग्नात त्यांनी भर पंगतीत व्याह्यांना विचारलं, तर वऱ्हाडानं हातचा घास टाकून आपापली माणसं मोजली. बांगड्यावाले करीमचाचा तेवढे लांबूनच ओरडत, "दौलतभाऊ, सगळे हजर हायेत, अल्लाची मेहरबानी!"

याचं मूळ दौलतभाऊंच्या वावरात होतं. रुळाकडेच्या कपाशीत एका परक्या तरुणाचं प्रेत सापडलं. गळा चिरलेला, डाव्या हाताला सहा बोटं. पोलीस आले, चार जणांना दरडावून गेले. कोण, कुठला, कोणी मारला, काहीच कळलं नाही. मारणारा आपल्यातलाच असेल या धास्तीनं आम्ही एकमेकांच्या हातचं पान खाईनासे झालो. माझ्या घराला तर दिवसाही कडी असायची.

अग्नी दौलतभाऊंनीच दिला. दहाव्याला पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. अनोळखी माणसाची इच्छा कळायची कशी? पाटील म्हणाले, "तुह्या मारेकऱ्याले फासावर देतो!" कावळा ढिम्म. कोणी चिलीम कबूल केली. उन्हानं कावलेले दौलतभाऊ शेवटी ओरडले, "अरे बाप्पा, तुह्या घरी खबर देतो, मंग त झालं?" आणि कावळ्यानं झडप घातली! आम्ही घरी जाऊन जेवलो. दौलतभाऊ मात्र शब्दात अडकले. "मेलेल्याले देल्ली जबान हाये," म्हणत आणि प्रत्येक गाडीला स्टेशनावर हजर राहत.

वर्षं गेली. एका सकाळी इंझोरीची एक म्हातारी गाडीची वाट पाहत बसली होती. दौलतभाऊंनी विचारलं. मी शेजारीच उभा होतो.

"हरपला नं बाप्पा, माहा किसना. डाव्या हाताले सा बोटं हायेत त्याच्या. लागला असन कुठं गिरणीत. त्याची भाकर रोज झाकलेली राह्यते घरी."

आता सांगतील, आता सांगतील, असं वाटत होतं. दौलतभाऊंचे ओठ हलले. मग म्हणाले, "येईन माय. येईन तो." आणि तिचं गाठोडं उचलून डब्यात ठेवलं.

तो प्रश्न त्यांनी पुन्हा कोणालाच विचारला नाही. सर्वपित्रीला घास ठेवताना मात्र मी कुंपणाआडून ऐकलं. पहिल्यांदाच नाव घेऊन, घाबरत घाबरत ते बोलत होते, "किसना, जबान मोडली बाप्पा म्या. तिले सांगनं नाई झालं. पन तुह्यी माय भेटली. चालते-फिरते. तुह्यी भाकर झाकून ठेवते."

कावळा येईपर्यंत ते हात जोडून उभे होते.

पुढे दौलतभाऊ अधूनमधून बैल पाहायला म्हणून इंझोरीला जाऊ लागले. बैल एकही आणला नाही. परत आले, की आधी रुळाकडेच्या त्या वावरात जात, आणि मग घरी.