चवीपुरती एक

नर्सबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, रक्त वाढल्याशिवाय ऑपरेशन होणार नाही. तारीख एकदा पुढे गेलेलीच होती. पोट धरून शिवणयंत्रावर बसणाऱ्या सुनेने मग त्यांच्याच सांगण्यावरून दारातल्या शेवग्याचा पाला वाळवला, कुटला, आणि तीळ, खजूर, गूळ घालून डबाभर वड्या थापल्या. वास सुटताच घरातले पुरुष स्वयंपाकघरात हजर झाले.

"हिरव्या कशा गं?" म्हणत नवऱ्याने एक उचलली. "चवीपुरती हं!" चव कळायला त्याला चार लागल्या. सासऱ्यांना चहाबरोबर काहीतरी लागतंच. तेवढ्यात धाकटे दीर आले, तर सासूबाईंनी त्यांना बांधूनच दिल्या. "घे रे, वहिनीच्या हातच्या आहेत." वहिनीच्या हातच्या, पण वहिनीच्या तोंडात एक नाही! हा कुठला न्याय?

दुसऱ्या खेपेला तिने पाल्याची पूड दुप्पट घातली. कडू झाल्या की कुणी हात लावणार नाही, असा तिचा हिशेब. सासऱ्यांनी तुकडा मोडून डोळे मिटले.

"आत्ता खरी चव आली! मागच्या जरा गोडच होत्या."

तिसऱ्या खेपेला तिने डबा शिवणयंत्राच्या खणात लपवला. नवरा तिथे बटण शोधायला गेला आणि बटणाशिवायच तृप्त होऊन परतला.

तपासणीला नवऱ्याबरोबर सासूबाईही आल्या. नर्सबाईंनी सुनेच्या बोटाला सुई टोचली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "रक्त आहे तिथेच आहे. वड्या खातेस ना?"

"रोज डबा रिकामा होतो हो!" नवरा मध्येच म्हणाला.

नर्सबाईंनी त्याचंही बोट धरलं. "वा! तुमचं रक्त फारच छान आहे."

तो चक्क खूश झाला. सुनेची तारीख पुन्हा पुढे गेली, आणि तिचं डोकंच फिरलं.

"पोट माझं दुखतंय आणि रक्त यांचं वाढतंय! आणि आई, तुम्ही तर गावभर वाटत सुटलात. तुम्हाला काय त्याचं?"

नर्सबाईंनी सहज सासूबाईंच्याही बोटाला सुई टोचली. मग यंत्र हलवून पुन्हा एकदा टोचली. रक्त सुनेपेक्षाही कमी निघालं.

"आजी, तुम्ही तरी एखादी खाल्लीत का?"

"मी? सगळ्यांचं झाल्यावर, उरली तर." सासूबाईंनी टोचलेलं बोट पदरात धरलं. "उरतच नाही हो."

सुनेला रागाची आणि रडण्याची एकदमच उबळ आली.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघराला आतून कडी लागली. दोघी मांडीला मांडी लावून बसल्या, मध्ये डबा.

"खा," सासूबाई म्हणाल्या. "या वेळची तारीख चुकता कामा नये."

दारावर सासऱ्यांची थाप पडली. "अगं ए, चहाबरोबर काही आहे का?"

सासूबाईंनी तोंडातली वडी सावकाश चावून संपवली आणि दुसरी उचलली.

"आहे ना," त्या म्हणाल्या. "बशी."