मागील आसाचे किमान गुणोत्तर

ग्रामपंचायतीची कचरा गोळा करणारी पिकअप, जिला गाव घंटागाडी म्हणतं, सोमवारी सकाळी वरच्या आळीच्या चढावर कडाडली आणि थांबली. मागच्या आसातली दातेरी चाकं, म्हणजे क्राऊन-पिनियन, फुटली होती. कर्जत तालुक्यात याहून मोठ्या घटना रोज घडतात. पण ड्रायव्हर गजा कंत्राटी होता, आणि गाडी पंधरा दिवस उभी राहिली की ड्रायव्हर आपोआप कमी होतो, असं त्याच्या करारात लिहिलं होतं.

नेरळच्या सुट्या भागांच्या दुकानदारानं एकच विचारलं, "रेशो काय?" म्हणजे मोठ्या चाकाचे दाते लहानाच्या किती पट, ते गुणोत्तर. या गाडीला तीन तऱ्हेचे संच येतात, आपला कोणता, हे दारावरच्या पट्टीवर छापलेलं असतं. ती पट्टी ग्रामपंचायतीनं गेल्या वर्षी रंगवून टाकली होती आणि वर 'स्वच्छता हाच आमचा ध्यास' असं लिहिलं होतं.

मेकॅनिक फराज गाडीखाली शिरला, झाकण खोललं आणि तुकडे जुळवून दाते मोजले. "मोठ्याला एक्केचाळीस, लहानाला आठ. म्हणजे पाच आणि वर जरासं. जा, सांग भाऊसाहेबांना." वीस मिनिटं लागली. गोष्ट इथंच संपायची, पण मग ग्रामपंचायतीला काम काय उरलं असतं?

ग्रामसेवक योगेंद्र भाऊसाहेब माणूस वाईट नव्हते. त्यांना फक्त ऑडिटची भीती होती.

"भाऊसाहेब, दाते मोजलं. एक्केचाळीस नि आठ हायत."

"कोणी मोजले?"

"फराजनं. मी उजेडाला बॅटरी धरली व्हती."

"बॅटरी धरायला तुला कोणी प्राधिकृत केलं? गजा, कार्यालयात आकडा असा तोंडी येत नाही. तीन दरपत्रकं मागवावी लागतात."

"आवं, दर कुठं मागतोय मी? दाते सांगतोय."

"आकडा आहे ना? मग झालं तर."

'मागील आसाचे दंतचक्र गुणोत्तर पुरविणेबाबत' अशी सूचना फळ्यावर लागली. मुदतीत तीन बंद पाकिटं आली. फराजनं ५.१२५ लिहिलं होतं. खोपोलीच्या एकानं गाडी न बघता ५.३७५ दिलं. रसायनीच्या एकानं, त्यानंही न बघताच, ४.११. भाऊसाहेबांनी तुलनात्मक तक्ता केला आणि नियमानुसार सर्वांत कमी गुणोत्तर मंजूर केलं. शिवाय बाजारात चार उपलब्ध असताना आपण पाच का सांगितले, असा खुलासा फराजकडून मागवला.

गजा धावत कार्यालयात गेला. "आवं भाऊसाहेब, चारानं गाडी पळंल, पन वझं वढायची नाय!"

"पळेल ना? मग त्रुटी काय?"

चौदाव्या दिवशी संच बसला. गाडी खरंच पळाली. अर्धा हौदा कचरा भरला आणि त्याच चढावर ती धापा टाकत मागे सरकायला लागली. गजानं कशीबशी खाली आणून रिकामी केली, तशी तुरुतुरु चढली. अहवालात नोंद झाली : 'वाहन रिकाम्या स्थितीत सुस्थितीत.' तेव्हा पुढील आदेशापर्यंत ते रिकामंच फिरवावं, असं ठरलं. घंटा मात्र वाजवायची, कारण तिच्याविषयी कुणाची तक्रार नव्हती.

गजाची नोकरी वाचली. दुसऱ्या दिवशी घंटा ऐकून येसूबाई बादली घेऊन धावत आली. "थांब रं गजा!"

"घ्यायचा हुकूम नाय, आजी."

"मग येतूस कशाला?"

"गाडी चालू हाय, ते तुमाला कळावं म्हून," गजा म्हणाला. त्याला मनापासून लाज वाटली, पण गाडी पुढं गेली.

महिनाअखेरच्या तक्त्यात 'गोळा झालेला कचरा : शून्य' असं गेलं. वरून 'शून्य कचरा गाव' असं प्रमाणपत्र आलं. सत्काराला झाडून सगळं गाव आलं. कचरा गेला कुठं, हे कुणीही विचारलं नाही, कारण प्रत्येकाला आपापल्यापुरतं ते माहीत होतं.

तुम्ही हसताय, हसा. पण आज सकाळी घंटागाडी निघून जायची वाट बघून तुम्ही पुलावरून जी काळी पिशवी खाली सोडलीत, ती गजानं आरशात पाहिली आहे.