आधी दगड, मग पिन

दामूकाकांच्या सदऱ्याच्या खिशात कायम एक कच्चा चिकू असायचा. खाण्यासाठी नव्हे. जमिनीचा उतार बघण्यासाठी.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट आहे. घोलवड स्टेशनवर पार्सल क्लार्क म्हणून माझी बदली झाली आणि खोली शोधत शोधत मी त्यांच्या वाडीत पोचलो. काकांनी खोलीचं दार उघडलं, मला उंबऱ्याबाहेरच थांबवलं आणि खिशातला चिकू काढून खोलीच्या मधोमध ठेवला. चिकू थोडा डुगडुगला, मग घरंगळत घरंगळत पलीकडच्या भिंतीला जाऊन टेकला.

"बघितलंत? उतार आहे," काका म्हणाले. "खाट आडवी लावा. उभी लावू नका."

"पण काका, खाटेला चाकं कुठं असतात?"

"नसतात ना? मग तर बरंच आहे," असं म्हणून त्यांनी चिकू उचलला, धोतराला पुसला आणि खिशात ठेवला. खोली मला मिळाली. त्या दिवसापासून मी त्यांचा 'पार्सलबाबू' झालो.

दामूकाकांची चिकूची वाडी मोठी होती. शिवाय तलासरीकडे डोंगरउतारावर गवताचा माळ होता. त्या काळात आमच्या बाजूला ट्रॅक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यातला एक काकांचा, आणि त्याच्यामागे दोन चाकांचा लाकडी ट्रेलर. चिकूच्या करंड्या स्टेशनवर आणायच्या, तलासरीहून गवताच्या गाठी आणायच्या, अशी त्याची कामं. ट्रॅक्टर चालवायला रूपजी नावाचा तलासरीचा वारली गडी होता. चालवायचं काम रूपजीचं, पण थांबवायचं काम काकांचं. ते दुसऱ्या कुणाला जमेल यावर त्यांचा विश्वास नव्हता.

ट्रेलर सोडायचा म्हणजे एक विधीच असे. पहिल्यांदा काका उतरून चिकू ठेवत. मग गाडी उताराला आडवी घ्यायला लावत. मग बाभळीचे चार ठोकळे चाकांना लागत, आणि ठोकळ्यांच्या मागे चार दगड. मग पुढच्या दांडीखाली टेकू. मग "रूपजी, जरा ढील दे" असं म्हणून ट्रॅक्टर बोटभर पुढे-मागे करायला सांगत, म्हणजे ट्रेलरचं वजन ट्रॅक्टरला जोडणाऱ्या पिनवरून ठोकळ्यांवर येई. आणि मग काका दोन बोटांनी पिन वर काढत.

"पिन बोटानं निघाली पाहिजे," ते मला शिकवत. "हातोडी लागली, तर समजायचं वजन अजून तिच्यावरच आहे. अशी पिन काढायची नाही. आधी दगड, मग पिन. लक्षात राहिलं?"

"राहिलं. पण काका, मी रेल्वेत आहे."

"मग तर लक्षात ठेवाच."

स्टेशनचं आवार परातीसारखं सपाट. तिथंही हा सगळा विधी साग्रसंगीत व्हायचा. तिकडे मुंबईची गाडी सिग्नलपाशी शिट्ट्या मारत असायची, आमचे स्टेशनमास्तर हातातली झेंडी आपटत असायचे, हमाल करंड्यांकडे बघत उभे असायचे, आणि दामूकाका मात्र चाकाशी उकिडवे बसून दगड हलतो का ते बघत असायचे.

"अहो, इथं कुठं आलाय उतार?" मास्तर ओरडत.

"शांती राखा, मास्तर," काका म्हणत. घाई करणाऱ्याशी ते निम्मं गुजराती बोलत. "जोईने कहीश. बघून सांगतो."

रूपजी मला एकदा म्हणाला होता, "बाबू, काका देवाला गेला ना, तर देवाच्या रथाला पण दगड लावून येईल."

काकीही काही कमी नव्हत्या. जेवायला बसलं की त्यांची फिरकी सुरू व्हायची. "आमच्या लग्नात हे बोहल्यावर चढले ते आधी खाली वाकून पाटच हलवून बघत होते. मला वाटलं, बाई, पाट पसंत नाही की मी?"

काका तेव्हा भाताच्या ढिगाला वरणाच्या बाजूनं बांध घालत असत.

आता एवढ्या काळजीमागे काहीतरी असणार, हे मला कळत होतं. ते गावातच कळलं. काकांचा धाकटा भाऊ श्रीधर मुंबईला नोकरीला. त्याची बायको कमल आणि एकुलती मुलगी नलू. काका-काकींना मूलबाळ नाही, त्यामुळे नलू दर सुट्टीत यांच्याकडे. ट्रेलर नवा होता आणि नलूला न्यायला तिचे आईवडील आले होते, तेव्हाची गोष्ट. तलासरीच्या माळावर गवत भरून झालं होतं, गाठींच्या ढिगावर नलू बसली होती, आणि काकांनी घाईघाईत ट्रेलरची पिन काढली. चाकाला दगड नव्हता. ट्रेलर सुटला. पोरीसकट उतारावरून धावत गेला आणि खालच्या शेताच्या बांधावर आपटून थांबला. नलूला खरचटलंसुद्धा नाही. पण तिच्या आईनं तिला त्याच दिवशी मुंबईला नेलं आणि पुन्हा कधी घोलवडला पाठवलं नाही.

मी एकदा धीर करून काकांना विचारलं. ते लगेच म्हणाले, "हो. घाई झाली माझी." आणि उठून गेले. जाता जाता दारातल्या बैलगाडीच्या चाकाला पायानं दगड सरकवून गेले.

चिकूचा हंगाम आला की एक करंडी मात्र ते स्वतः भरत. एकेक फळ फडक्यानं पुसून, सुक्या गवतात बसवून. माझ्या टेबलावर ती ठेवून म्हणत, "मुंबई. कुमारी नलिनी हिच्या नावानं." मग थोडं थांबून, "बाबू, ही करंडी वर ठेवायला सांगा. खाली दबते."

करंडी पोचत असे. मुंबईहून कुणी येत मात्र नसे.

त्यानंतरच्या एका मे महिन्यात काकांच्या चुलतबहिणीच्या मुलीचं लग्न निघालं. बहीण तलासरीला दिलेली. काकांनी आदल्या दिवसापासून ट्रेलर सजवायला घेतला. सजवायला म्हणजे ठोकळे धुतले. सकाळी ट्रेलरमध्ये मोठी पातेली, चिकूच्या करंड्या, काकी, वाडीतल्या पाचसहा बायका आणि रजा काढलेला मी, असे सगळे बसलो. रूपजी चालवत होता, काका त्याच्या शेजारी मडगार्डवर.

तलासरी थोडी राहिली असताना रस्ता एका ओहोळात उतरतो. उतार चांगला खडा. ओहोळ कोरडा होता, पण तळाशी वाळू. आणि त्या वाळूत नवरदेवाची बस रुतून बसली होती. डहाणूरोडला गाडीतून उतरलेलं सगळं वऱ्हाड, मुलीकडचे मुंबईचे पाहुणेसुद्धा, त्या भाड्याच्या बसमध्ये. निम्मे लोक खाली उतरून ढकलत होते, निम्मे आत बसून सल्ले देत होते. नवरदेव मुंडावळ्या कानामागे सारून खिडकीतून चाकाकडे बघत होता.

आमचा ट्रॅक्टर वर दिसल्याबरोबर खालून आरडाओरडा झाला. नवरदेवाचे मामा रेशमी सदरा सांभाळत चढ चढून आले.

"देवासारखे आलात! सोडा तो ट्रेलर आणि या खाली. मुहूर्त जवळ आलाय!"

दामूकाकांनी खिशातून चिकू काढला.

मामा बघतच राहिले. चिकू काकांच्या हातातून सुटला तो थेट उतारानं धावत जाऊन बसच्या मागच्या चाकापाशी थांबला. मामांना त्यातलं काही कळलं नाही. काकांना कळलं. ट्रेलर सुटला तर तो तिथंच जाणार होता, आणि तिथं माणसं होती.

"सगळे खाली उतरा," काका म्हणाले.

"अहो, आम्ही बसलोय ना निवांत," मागच्या टोकाला बसलेल्या काकी म्हणाल्या.

"तू मागं बसलीस आणि मी पिन काढली, तर पुढची दांडी वर उडेल आणि तू पातेल्यासकट मागं ओतली जाशील. उतर."

काकी उतरल्या. बायका उतरल्या. काकांनी बसजवळच्या लोकांनाही बाजूच्या काठावर चढायला लावलं. गाडी आडवी घेतली. ठोकळे लागले. दगड लागले. मामांचा आवाज आता तापला होता.

"अहो, लग्न आहे की दगडाची पूजा? लावला ना एक दगड!"

"चार लागतात," काका म्हणाले आणि पाचवा आणायला गेले.

टेकू लागला. रूपजीनं ढील दिली. ट्रेलर करकरला आणि ठोकळ्यांवर बसला. त्या वजनानं खालच्या बाजूच्या एका ठोकळ्याखालची माती सरकली, ठोकळा वीतभर घसरला आणि मागच्या दगडावर अडला. मामा दोन पावलं मागं सरकले. काकांनी तिथं पाचवा दगड ठोकला, थोडा वेळ नुसतं बघत राहिले, आणि मग दोन बोटांनी पिन काढली. ट्रेलर जागचा हलला नाही.

रूपजी ट्रॅक्टर घेऊन बसच्या पुढं गेला, साखळी अडकवली, आणि दोन हिसक्यांत बस पलीकडच्या काठावर. वऱ्हाडानं टाळ्या वाजवल्या. नवरदेवानं मुंडावळ्या पुढं घेतल्या.

रूपजी ट्रॅक्टर घेऊन परत आला, लोक पुन्हा बसमध्ये चढू लागले. तेवढ्यात एक उंच, दोन वेण्यांची मुलगी ओहोळ ओलांडून आमच्याकडे चढत आली. काका ट्रेलर पुन्हा जोडत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. काकींनी मात्र तिला ओळखलं आणि तोंडावर पदर धरला.

"काका," ती म्हणाली, "मी तुमच्याबरोबर येते. ट्रेलरमधून."

काकांनी मान वर केली. त्यांच्या हातात पिन होती, ती तशीच राहिली. तिच्या मागून तिचे आईवडील येत होते. धाकट्या भावाला इतक्या वर्षांनी बघून काका काही बोलणार होते, पण आधी कमलच बोलली.

"नलू, बसमध्ये चल."

"का? मला ट्रेलरमध्ये बसायचंय."

"का म्हणून विचारतेस? एकदा बसली होतीस तेवढं पुरे नाही झालं? यांनी पिन काढली होती तेव्हा..."

"काकांनी नव्हती काढली," नलू म्हणाली. "बाबांनी काढली होती. मी गाठींवर बसले होते ना, मला वरून दिसत होतं. काका तर दगड आणायला गेले होते."

श्रीधरची मान खाली गेली.

"काहीतरीच!" काका घाईघाईनं म्हणाले. त्या माणसाला घाई करताना मी पहिल्यांदाच बघत होतो. "अगं, तू एवढीशी होतीस, तुला काय आठवणार? मीच काढली. कमल, हिचं काही ऐकू नकोस, त्या दिवशी मीच..."

"दादा, पुरे," श्रीधर म्हणाला.

एवढंच म्हणाला तो. मी काकींकडे बघितलं तर त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. त्यांना हे ठाऊक होतं. भावाचा संसार नीट राहावा म्हणून आपला नवरा काय गमावून बसलाय, हे इतकी वर्षं त्यांनी चिकूच्या करंड्या बांधताना बघितलं होतं.

बसचा हॉर्न वाजला. कमल नवऱ्याकडे बघत राहिली, मग काकांकडे. ती रागावेल, रडेल, असं मला वाटलं. ती पुढं झाली, आपल्या खांद्यावरची पातळ शाल काढून तिनं मुलीच्या डोक्यावर टाकली आणि काकांना म्हणाली, "भाऊजी, हिला ऊन सोसत नाही. डोकं झाकून बसायला सांगा."

मग ती खाली वळली. श्रीधर तिच्यामागून निघाला. ओहोळाच्या मध्यावर त्यानं एकदा मागं वळून भावाकडे बघितलं आणि मग तिच्याबरोबर बसमध्ये चढला.

बायका ट्रेलरमध्ये चढल्या. नलू करंड्यांवर जाऊन बसली, काकींना चिकटून. काकांनी रूपजीला मडगार्डवर सरकवलं आणि स्वतः चालवायला बसले. मी दुसऱ्या मडगार्डवर. काका पुढंच बघत होते, पण मागं प्रश्न टाकत होते.

"यंदा मॅट्रिक का?"

"झाली काका, गेल्या वर्षी! कॉलेजात आहे."

"असं! चिकू पोचत होते ना?"

"पोचत होते. आईला आवडतात. मी तिला पहिला कधीच खाऊ देत नव्हते."

काकांनी गिअर बदलला. ओहोळ चढून आम्ही वर आलो. पुढं बस धुरळा उडवत सरळ रस्त्यानं तलासरीकडे निघाली होती. लग्नघर तिथून हाकेच्या अंतरावर, सनईसुद्धा ऐकू येत होती. फाट्यावर आल्यावर काकांनी ट्रॅक्टर सरळ न घेता डावीकडे वळवला, गवताच्या माळाला वळसा घालून जाणाऱ्या लांबच्या रस्त्याला.

"काका, लगीन इकडं..." रूपजी म्हणाला.

"इकडून सावली आहे," काका म्हणाले.

त्या माळावर मैलभर एक झाड नव्हतं. रूपजी आणखी काही बोलणार होता, पण मी हात लांब करून त्याचा खांदा दाबला.