खळीचा सदरा आणि आयोडीनचे थेंब

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि समजा, की तुम्ही पावाचा एक घास आहात. दातांच्या गिरणीत तुमचा भुगा झालाय. वरून लाळ येतेय आणि तुमच्यातल्या पिष्टाच्या लांबलचक साखळ्या तोडून त्यांची साखर करायला लागलीय. थोड्या वेळाने हीच साखर रक्तातून कुणाच्या तरी पायांत पोहोचेल आणि ते पाय धावत जिना चढतील. झालात घास? शाब्बास.

ही सुरुवात मी भाषणासाठी घोकून ठेवली होती. विषय 'अन्न आणि आपलं शरीर', वेळ दुपारी चारची. बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं, पण निवृत्तीनंतर शाळेचं बोलावणं हे पहिलंच. तेही नातीच्या शाळेचं. नात चौथीत. अंगाने किडकिडीत आणि प्रश्न टोचणारे, म्हणून तिचं घरातलं नाव टाचणी. तिने वर्गभर सांगून ठेवलं होतं, "माझे आजोबा प्रयोगात कधीच चुकत नाहीत." ही माहिती तिला मीच पुरवली होती.

तीन वाजता मी तयार. अंगात खळ दिलेला पांढरा सदरा, इतका कडक, की मी वळलो की तो मागाहून वळायचा. उकाड्यामुळे गालांवर भरपूर पावडर. म्हटलं, निघण्याआधी मला न्यायला शाळेतून आलेल्या टाचणीसमोर एक रंगीत तालीम होऊन जाऊ दे.

"हे आयोडीन," मी ड्रॉपर उंच धरला. "पिष्टमय पदार्थावर पडलं की काळंनिळं होतं. बघ, बटाटा."

बटाटा काळानिळा झाला.

"आणि अंड्याच्या पांढऱ्यावर?"

"नाही होणार. त्यात प्रथिनं. शरीराची बांधणी आणि डागडुजी त्यांच्याकडे."

"लोण्यावर?"

"तेही नाही. स्निग्ध पदार्थ म्हणजे शरीराचं कोठार. अडीअडचणीला उपयोगी."

"आणि सदऱ्यावर?"

"सदरा काय खायची वस्तू आहे?" म्हणून मी मोठ्याने हसलो. हसताना पोट हललं, पोटाबरोबर हात हलला आणि सात-आठ थेंब बरोबर सदऱ्याच्या मध्यावर पडले.

सदरा काळानिळा झाला.

"खळ म्हणजे पिष्टच की," मी म्हणालो. बत्तीस वर्षांचं ज्ञान, पण पोहोचलं दोन सेकंद उशिरा. मला दरदरून घाम फुटला. तो मी आयोडीनच्या बोटांनी पुसला.

"आजोबा, गालपण," टाचणी म्हणाली. तिने पावडरीचा डबा आणून वाचून दाखवला. "मक्याच्या पिठापासून बनवलेली. नाजूक त्वचेसाठी."

बाकीचे सदरे धोब्याकडे, खळीसाठीच गेलेले.

"लाळेने पिष्टाची साखर होते ना? मग मी थुंकू सदऱ्यावर?"

"नको."

"थोडंसंच."

तोंड धुवायला वळतो, तर दारात शेजारचा कंपाउंडर शिडी मागायला उभा. माझा गाल पाहून तो शिडी विसरला.

"काका, कुठे पडलात?"

"पडलो नाही. पावडर लावली."

त्याने मला दंड धरून खुर्चीत बसवलं आणि सूनबाईला हाक मारली. "वहिनी, मुका मार दिसतोय. आणि बोलणं जरा असंबद्ध आहे."

सूनबाई धावत आली. "बाबा, आज वार कोणता?"

"गुरुवार. अगं, हे नुसतं पिष्ट आहे."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "डोक्यालाही लागलंय," कंपाउंडर हळूच म्हणाला.

"मी शाळेत कळवते, आज जमणार नाही," म्हणत सूनबाईने फोन उचलला.

"मग मी वर्गाला काय सांगू?" टाचणीने माझा हात ओढत विचारलं. मी उठायला गेलो, तर कंपाउंडरने खांदा दाबला. टाचणी आत पळाली. रडायला गेली असेल, असं वाटून मला स्वतःच्या हसऱ्या पोटाचा भयंकर राग आला.

ती परतली ती एका हातात वही आणि दुसऱ्या हातात अर्धं लिंबू घेऊन. "आजोबा, मंगळवारी तुम्हीच लिहून दिलंत. क जीवनसत्त्वाने आयोडीनचा रंग जातो. लिंबात ते असतं. डोळे मिटा."

आणि तिने माझ्या गालावर लिंबू पिळलं.

मुका मार सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वितळून हनुवटीवरून खाली ठिबकला. कंपाउंडरने माझा खांदा सोडला. सूनबाईने फोन खाली ठेवला. सदऱ्याला मात्र घरातली उरलेली सगळी लिंबं लागली.

चार वाजता मी व्यासपीठावर हजर होतो. चिंब भिजलेला आणि लोणच्यासारखा आंबट.

"समजा, तुम्ही पावाचा एक घास आहात," मी सुरुवात केली.

"तुम्ही ओले का आहात?" पुढच्या रांगेतून प्रश्न आला.

मी घसा खाकरेपर्यंत टाचणी उभी राहिली आणि तिने सगळी हकिगत सांगून टाकली. पोट हलल्याचंसुद्धा वगळलं नाही. मी दोन रात्री जागून लिहिलेलं भाषण तिने तीन मिनिटांत उरकलं, आणि मुलांना सगळं समजलं.

"खोटं," मागून एकजण म्हणाला. "सदरा कुठे निळा होतो?"

टाचणीने माझ्याकडे पाहिलं. माझा ओला सदरा आता पुराव्याच्या कामाचा उरला नव्हता. शेजारी मुख्याध्यापक बसले होते. त्यांचा सदरा पांढराशुभ्र, आणि माझ्याहून कडक.

टाचणीने टेबलावरचा ड्रॉपर उचलला, काठोकाठ भरला आणि त्यांच्याकडे चालू लागली. घरातली लिंबं संपली आहेत, हे मला तेव्हा आठवलं.