दोन आखूड, एक लांब

दस्तगीरचाचा स्वतःच्या बायकोशी हॉर्न वाजवून बोलायचे. भांडण झालं होतं म्हणून नव्हे, धंदाच तसा होता. पुण्याला ट्रकमध्ये माल भरायचा आणि हुबळी, बंगळूर, कधी थेट मद्रास गाठायचं, असं त्यांचं पंचवीस वर्षं चाललेलं. किकवीत त्यांचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लावून, आणि समोर हाकेच्या अंतरावर हायवे. ट्रक गावाजवळ आला की हॉर्न वाजायचा. एक लांब म्हणजे 'थांबतोय, भाकरी टाक'. दोन आखूड म्हणजे 'थांबत न्हाई, फुडं चाललोय'.

हे दुसरं मला कधीच पटलं नाही. येणाऱ्यानं वर्दी द्यावी, ठीक आहे. पण जो येणारच नाही, त्यानं ते साऱ्या गावाला कशाला ओरडून सांगायचं?

माणूस मोठा तिखट कानाचा. निघण्याआधी हातात टामी, म्हणजे टायर काढायची लोखंडी पहार, घेऊन ते गाडीभोवती फेरी मारत, प्रत्येक टायरवर एकेक ठोका देत आणि मान तिरपी करून ऐकत. "आवाज खोटं बोलत न्हाई, भाऊसाहेब," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी भोरला कचेरीत कारकून, म्हणून भाऊसाहेब. ही सवय इतकी हाडात मुरलेली की एसटीत चढण्याआधीही फेरी व्हायचीच. माझ्या लग्नाचं वऱ्हाड भोंगवलीला निघालं, सगळे टेम्पोत चढून बसले, आणि चाचा खाली टायर बडवतायत.

"चाचा, मुहूर्त टळंल!" टेम्पोवाला चिडला.

"मुहूर्त दुसरा काढता यील. मागच्या आतल्या चाकात हवा न्हाई."

खरोखरच नव्हती. पुढं मी स्कूटर घेतली तेव्हा त्यांनी तिच्याही दोन्ही चाकांवर ठोके दिले आणि निकाल सांगितला, "गाडी झ्याक हाय. मालक जरा कच्चा वाटतोय."

मग जैनबचाचींना, म्हणजे चाचांच्या बायकोला, ऐकू येईनासं झालं. आधी थोडं कमी, मग ठारच. शहाण्या माणसानं हॉर्न बंद केला असता. चाचांनी आणखी मोठा बसवून घेतला. चाचींना तोही ऐकू येईना, पण आळीतल्या तान्ह्या पोरांना जाग यायला लागली, आणि निरोप पोचवायचं काम कुणी न सांगता आमच्या गळ्यात पडलं. एक लांब वाजला की चाचींच्या दारात जाऊन हवेत भाकरी थापून दाखवायची. दोन आखूड वाजले की हात हलवून 'गेले' अशी खूण करायची. रविवारी ही ड्यूटी माझी. अर्ध्या गालावर साबणाचा फेस आणि मी शेजारणीच्या दारात भाकऱ्या थापतोय, हे दृश्य माझ्या बायकोला फार आवडायचं.

एकदा आईनं लांब हॉर्न ऐकला आणि लगबगीनं जाऊन खूण केली. चाचींनी आठ भाकऱ्या आणि सुकटीचं कालवण केलं. तासाभरानं कळलं की तो उसाचा ट्रक होता आणि रस्त्यात म्हैस आडवी आली होती. चाचा तेव्हा हुबळीत. ते चार दिवसांनी आले, सगळी हकिगत ऐकली आणि एवढंच विचारलं, "वैनी बसल्या व्हत्या का हितं जेवायला?"

"आई बसली होती की. भाकऱ्या दोघींनीच संपवल्या."

चाचा एकदम खूश. भाकऱ्या वाया गेल्या नाहीत म्हणून असेल, असं मला वाटलं.

पुढं मोबाईल आले. चाचांनीही घेतला. आता हॉर्नकडं कान लावून बसायला नको, सुटलो, म्हणून मी नारळ फोडायच्या बेतात होतो, पण हॉर्न चालूच. रस्ता चौपदरी होऊन घरापासून जरा लांब गेला, तर हे गृहस्थ मुद्दाम सर्व्हिस रोडला उतरायचे, दोन आखूड वाजवायचे आणि पुन्हा वर चढून पुढं जायचे. एका रविवारी ते घरी सापडले तेव्हा मी विषय काढलाच.

"चाचा, चाचींना हॉर्न ऐकू येत नाही."

"म्हाईत हाय."

"मग वाजवता कुणासाठी?"

"तुमच्यासाठी."

चाचींनी अंगणात मिरच्या वाळत घातल्या होत्या. त्या मिरच्यांकडं बघत चाचा म्हणाले, "भैऱ्या मान्साशी कोन बोलतंय, भाऊसाहेब? आदी बायका यायच्या. वरडून वरडून कटाळल्या, बंद झाल्या. म्या पंधरा पंधरा दिस भाईर. हॉर्न वाजला की कुनीतरी दारात जातं. दारात मानूस दिसलं की ती चहा टाकती. चहा टाकला की मानूस बसतं." मग टामीनं जमिनीवर उगाच एक ठोका दिला. "म्हनून तर थांबनार नसलो तरीबी वाजवतो."

मला माझीच लाज वाटली. आई बसायची. मी मात्र हवेत भाकरी थापून पळून यायचो. तिथं बसलो असा एकही रविवार मला आठवेना.

चाचांना जाऊन आता वर्ष होत आलं. लेक साताऱ्याला दिलेली आहे. ती 'चल' म्हणते, पण चाची घर सोडत नाहीत.

परवा रविवारी मी दाढी करत होतो. रस्त्यावर कुठल्याशा ट्रकनं दोन आखूड हॉर्न मारले. आईनं हातातलं सूप बाजूला ठेवलं, पदर सारखा केला आणि उठली.

"आई, अगं, तो दुसराच कुणीतरी असेल."

"म्हाईत हाय मला," चपला पायात सरकवत आई म्हणाली. "तू तोंड धू आन् ये. चहा तिघांचा टाकायला सांगती."

मी अर्धी दाढी तशीच ठेवली आणि तिच्या मागोमाग गेलो.